लांबवलेला श्रावण

२० जुलै १९८२, मंगळवार

आज दिव्यांची अवस. आईने समया घासायला बसवलं. एका हातात चिंच आणि मांडीवर कादंबरी, असं माझं चाललं होतं. नायिका जहाजाच्या कठड्याशी उभी राहते, नेमक्या त्याच पानावर चिंचेचं पाणी सांडलं. आई म्हणाली, "हिचं लग्न वाचनालयाशीच लावून द्या. हुंड्यात जुनी मासिकं देऊ." अप्पा पेपराआडून हसले. मला तसं चाललंही असतं.

मग तळमजल्यावरच्या लक्ष्मीकाकी वर आल्या. संप सुरू झाल्यापासून त्या कुणाकडे फारशा जात नाहीत. त्यांचे यजमान महादेवकाका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. जानेवारीपासून घरी आहेत. त्यांच्या खोलीत दर श्रावणात पोथी बसते. धोंडूमामा वाचणार आणि महादेवकाका अर्थ सांगणार, हे मी लहानपणापासून जिन्यात बसून ऐकत आलेय. यंदा धोंडूमामा गावी निघून गेले, आणि महादेवकाका तर बोलायचेच थांबलेत.

काकी म्हणाल्या, "गो सुनेत्रा, यंदा पोथी तू वाचशीत? तुझो आवाज बरो आसा. अर्थ तुळशी सांगतलो."

तुळशी म्हणजे तुळशीदास, त्यांचा मुलगा. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. मी दादरच्या कॉलेजात गेले, त्याचं नाव अजून कुठेच घातलेलं नाही.

"नारळी पुनवेक संपवूया," काकी म्हणाल्या. "मगे आमी गावाक जातलों. पोथी अर्धी टाकून घराक कुलूप लावूक नाय."

माझ्या वतीने आईच हो म्हणाली. ते गावी गेले काय आणि राहिले काय, मला त्याचं काही नाही. माझा रोजचा वाचनाचा तास मात्र बुडणार.

२२ जुलै, गुरुवार

मला वाटलं होतं, वाचणं म्हणजे वाचणं. पण पोथी वाचणं वेगळंच आहे. दोन ओव्या म्हणायच्या आणि थांबायचं. मग अर्थ सांगणारा बोलणार. तो गप्प झाला की पुन्हा आपण. म्हणजे सगळा वेळ एकमेकांच्या श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं. असं मी कुणाबरोबरच कधी वाचलेलं नाही.

तुळशी पहिल्यांदा घाबरला होता. मग राजा राणीला वनात धाडतो ती ओवी आली, आणि तो म्हणाला, "म्हणजे असं बघा. राणी म्हणजे आपल्या सखुबाई समजा. आणि राजा म्हणजे गिरणीचा मालक. म्हणतो, उद्यापासून येऊ नका." शेजारच्या सखुबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. महादेवकाकासुद्धा भिंतीकडे बघत हसले. मी मात्र पुढची ओवीच विसरले.

शेवटी साखरफुटाण्यांचा प्रसाद. त्याने माझ्या हातावर जरा जास्त ठेवले. की मलाच तसं वाटलं?

२७ जुलै, मंगळवार

आज मी अध्याय संपला म्हणून पोथी मिटली, तर सखुबाई खवळल्या. "अगं, राणीला वनात टाकून कुठं उठतीस? रातभर तिथंच ऱ्हाईल ती! निदान एका झोपडीत तरी पोचीव." म्हणे कुणी संकटात असताना पोथी मिटायची नसते. मग पुढचा अध्याय उघडला, राणी एका म्हातारीच्या झोपडीत पोचली, तेव्हा कुठे सगळ्यांनी हात जोडले.

जिन्यापर्यंत तुळशी कंदील घेऊन आला, कारण तळमजल्यावरचा दिवा गेलाय. म्हणाला, "बरं झालं वाचलंस. मलापण झोप नसती आली."

वर आले तर आई भाजी निवडत होती, अप्पा पेपर वाचत होते. सगळं जसंच्या तसं. मला वाटलं होतं, काहीतरी बदललेलं असेल.

३० जुलै, शुक्रवार

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पोथी संपली की ते जाणार. म्हणजे पोथी जितकी लांबेल तितकं बरं.

रोज दोन अध्याय वाचायचे ठरले होते. मी आज एकच वाचला. म्हटलं, घसा बसलाय. आईने लगेच काढा पाजला. तो इतका कडू होता की पापाची शिक्षा जागच्या जागी मिळाली.

४ ऑगस्ट, बुधवार

नारळी पौर्णिमा. सुट्टी म्हणून सकाळपासून वरळी कोळीवाड्यात, शाळेतल्या मैत्रिणीकडे, गुणवंतीकडे. दहावीनंतर ती आईबरोबर बाजारात बसायला लागली. आता तिच्या बोलण्यात एक धार आलीय, गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखी. पण आज ती हिरवं लुगडं नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा, आणि मला इतकी सुंदर दिसली की मी तसं सांगूनच टाकलं. "पुस्तकातलं बोलू नको," ती म्हणाली, आणि लाजली.

होड्यांना पताका, ढोल, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. समुद्र दिसला की मला नेहमी वाटतं, आपण कुठेतरी जायचंय आणि विसरलोय.

तुळशीपण आला होता, महादेवकाकांबरोबर. गुणवंतीची आई काशीबाई दरवर्षी त्यांना राखी बांधते. बाजारातली ओळख, आता सख्ख्या बहीण-भावासारखी झालीय. राखी बांधून तिने पाटीतले मासे काढले. काका म्हणाले, "आज नको गो बाय. घरात पोथी बसलीहा." काशीबाई म्हणाली, "दर साली आजच संपते ना?" काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मी उगाचच होड्यांकडे बघायला लागले.

नंतर वाळूत तुळशी माझ्या बाजूला उभा राहिला. म्हणाला, "आज संपायला हवी होती ना पोथी?"

मी म्हटलं, "यंदा ओव्या मोठ्या आहेत."

"हो," तो म्हणाला. "अर्थपण मोठा आहे."

मग आम्ही दोघं समुद्राकडे बघत उभे राहिलो. नारळ लाटांवर वरखाली होत होता. मला फार फार बरं वाटत होतं, इथे दुसरा कुठलाही शब्द मला लिहायचा नाही.

परतताना गुणवंती म्हणाली, "काय गं, होडीत बसल्यासारखी चालतेस?"

८ ऑगस्ट, रविवार

हे मी नीट लिहून ठेवते, कारण मला त्याचं नवल वाटतं. आता तुळशीसुद्धा ताणतोय. मी कमी वाचते, तर तो जास्त बोलतो. आज एका ओवीवर त्याने कितीतरी वेळ घालवला. राणी नदी ओलांडते, एवढंच आहे त्यात. ह्याने नदीत भोवरे आणले, नावाडी आणला, नावाड्याला एक आजारी बायको दिली. लक्ष्मीकाकी म्हणाल्या, "रे, पोथीत इतक्या आसा?" तो म्हणाला, "आतल्या अर्थात आहे."

मला हसू आवरेना. पण त्याला इतका पाल्हाळ का लावायचा असतो कोण जाणे. कदाचित बोलायची आवड असेल.

पूर्वी साखरफुटाणे असत, मग चुरमुरे आले, मग चिमूटभर साखर. आज प्रसाद म्हणून नुसतं तुळशीचं एक पान मिळालं. साधेपणात किती गोडवा असतो! ते पान मी ह्याच वहीत ठेवलंय.

११ ऑगस्ट, बुधवार

तुळशी हल्ली फिकट दिसतो. गाल आत गेलेत, डोळे मोठे दिसतात. वाचताना मध्येच त्याची तंद्री लागते, आणि मी थांबलेली आहे हेही त्याला कळत नाही. मी पुस्तकांत वाचलंय, प्रेमात पडलेल्या माणसांचं असंच होतं. अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही.

देवा, त्याचं हे माझ्यामुळे होतंय का? मला भीती वाटते आणि आनंदही होतो. आज माझंही जेवणात लक्ष नव्हतं. आईने मला दोन चपात्या दटावून खायला लावल्या.

१२ ऑगस्ट

आज आईने काकींकडे भाजीची वाटी धाडली. काकींनी वाटी दारातूनच परत दिली. म्हणाल्या, पोथीचा उपास आहे. आईने वाटी झाकून ठेवली. "त्यांना वाटी रिकामी परत करता येत नाही ना," एवढंच म्हणाली. रिकामी वाटी परत देऊ नये, हे मलाही माहीत आहे. पण त्यात न घेण्यासारखं काय होतं?

१५ ऑगस्ट, रविवार

लिहायचं नव्हतं, तरी लिहिते.

सकाळी प्रभादेवीच्या बाजारात गुणवंतीकडे गेले. ती पाटी मांडून बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं: ताणलेली पोथी, आतला अर्थ, त्याचे आत गेलेले गाल.  ती सुरी घेऊन एक बोंबील साफ करत बसली.

मग म्हणाली, "आईने दोनदा मासळी पाठवली त्यांच्याकडे. दोन्ही वेळा लक्ष्मीकाकीने हात जोडले. पोथी आहे म्हणाली."

"असेल. मग?"

"मग काय मग? त्यांच्याकडे शिजवायला आहे काय दुसरं? बहिणीचं म्हणून आमच्या आईचंच तेवढं घेतात ते, आणि तेपण तुझ्या पोथीपायी घेता येत नाय. समाप्तीला सगळी चाळ शिधा घालते, तेवढं तरी पोटभर जेवले असते. तेपण तू पुढे ढकललंस. फिकट दिसतो म्हणे! ए येडी, तो भुकेला आहे."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायला काय पुस्तकात छापायला हवं होतं?"

आजूबाजूच्या कोळणी बघायला लागल्या. मी उठले आणि निघाले. तिने हाक मारली, मी वळले नाही. मला तिचा इतका राग आला होता की प्रभादेवीच्या मंदिरापर्यंत पोचेस्तोवर तिचं एकेक वाक्य मी मनात खोडून काढत होते. मंदिराशी आल्यावर खोडण्यासारखं काही राहिलं नाही.

संध्याकाळी पोथी वाचताना काकींच्या चुलीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती विझलेली होती आणि स्वच्छ होती. वाचून झाल्यावर घरातली माणसं जेवतात, असं मी धरून चालले होते. मी तर आपला प्रसाद घेऊन वर यायचे.

वहीतलं ते तुळशीचं पान मी काढून टाकलं. माझ्यासारखी मूर्ख मुलगी ह्या मुंबईत दुसरी नसेल.

१६ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पाचलाच उठून गुणवंतीला गाठायला ससून डॉकवर, जिथून ती मासळी उचलते, तिथे गेले असते, पण आईने सोडलं नाही. दुपारी बाजारात गेले. म्हटलं, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "माहीत आहे." मग म्हणाली, "रडून ये पाहिजे तर मागच्या गल्लीत, गिऱ्हाइक बिचकतंय." मी हसले आणि रडलेही.

तिला विचारलं, लवकर संपवली तर तो लगेच जाईल ना? ती म्हणाली, "जाईल. जेवून जाईल."

आज तीन अध्याय वाचले. श्वासही घेतला नाही. तुळशी मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होता.

१८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी अप्पा ऑफिसला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. म्हणाले, पोलिसांनीच बंड केलंय, लष्कर बोलावलंय. वरळीकडे धूर दिसत होता. थोड्या वेळाने कर्फ्यू लागला आणि चाळीचं दार बंद झालं. गुणवंती कुठे असेल, हेच माझ्या डोक्यात. सखुबाई म्हणाल्या, "आता बसा पोथीला. घरात बसून दुसरं करायचं काय?"

म्हणून आज दिवसाउजेडीच बसलो. महादेवकाकांच्या त्या एवढ्याशा खोलीत माणसं दाटीवाटीने बसली, काही दाराबाहेर. अप्पासुद्धा आले, जे एरवी पोथीला "कीर्तनी मराठी" म्हणतात. मी ठरवलं होतं, उरलेली सगळी आज संपवायची.

तुळशीने पहिल्या ओवीला सुरुवात केली, "म्हणजे असं बघा, एक गाव होतं..." मी त्याला पहिल्यांदाच अडवलं. म्हटलं, "थोडक्यात सांग."

 त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला सगळ्यांसमोर चापट मारली. मग तो खरंच थोडक्यात सांगायला लागला. एकेक वाक्य. पुढेपुढे नुसतं "समजलं ना?" एवढंच. मी वाचत राहिले. घसा खरंच बसला. काकींनी पाणी दिलं, तेव्हा त्यांचा हात किती वाळलाय ते दिसलं.

राणी आणि राजा भेटले. बायका डोळे पुसत होत्या. मग शेवटची फलश्रुती उरली. जो ही कथा ऐकेल त्याचं हरवलेलं माणूस त्याला परत भेटेल, अशा अर्थाची ओवी. ती मी वाचली आणि थांबले.

तुळशी बोलेना.

"सांग रे," लक्ष्मीकाकी म्हणाल्या.

तो पोथीकडे बघत म्हणाला, "आई, आज नको. ह्याचा अर्थ मी उद्या सांगतो."

अर्थ सांगून झाल्याशिवाय समाप्ती होत नाही. हे मला माहीत होतं आणि त्यालाही. त्याचे गाल आत गेले होते, ओठ सुकले होते, आणि तरी तो अजून एक दिवस मागत होता. भूक लागलेली असताना. इतके दिवस तो हेच करत होता, हे मला तेव्हा कळलं. बोलायची आवड कसली!

मला वाटलं, द्यावा त्याला एक दिवस. मला तो त्याच्यापेक्षाही जास्त हवा होता.

मग मीच बोलले. वाचणाऱ्याने अर्थ सांगायचा नसतो, पण मी सांगितला. म्हटलं, "ज्यांनी ही पोथी ऐकली, त्यांच्या घरी अन्न कमी पडू नये, सगळ्यांनी एकत्र बसून पोटभर जेवावं, असा ह्याचा अर्थ आहे." आणि पोथी मिटली.

सखुबाई "हर हर महादेव" म्हणाल्या आणि सगळे उठले. आईने वरून तांदूळ आणले, कुणी डाळ, कुणी गूळ, कुणी नारळ. काकींनी चूल पेटवली. महादेवकाका स्वतः नारळ खोवायला बसले आणि सगळ्यांशी बोलत होते, गिरणीत खंडेनवमीला साचे फुलांनी कसे सजवायचे ते सांगत होते. दहा-बारा घरांच्या पंक्ती बसल्या. तुळशीने चार वेळा भात घेतला. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, आणि मी त्याचं पान सोडून दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

२१ ऑगस्ट, शनिवार

काल कर्फ्यू सैल झाला. गुणवंती आणि काशीबाई आल्या, ओली मासळी घेऊन. त्यांच्या गल्लीतही गोंधळ झाला होता, पण दोघी धडधाकट. संध्याकाळी सगळ्या चाळीत बांगड्याच्या कालवणाचा वास होता. अप्पा खिडक्या लावायला उठले आणि मग म्हणाले, राहू दे.

आज सकाळी ते गेले. गणपती उद्यावर आलाय, त्याआधी घरी पोचायला हवं. वळकट्या, स्टोव्ह, तांब्याचा हंडा. काकींनी माझ्या कपाळाला हात लावून बोटं मोडली. महादेवकाका म्हणाले, "दसऱ्याक साच्यांची पूजा आसता. तेच्याआधी संप मिटतलोच. मगे आमी येतलोंच." सगळे हेच म्हणताहेत, पेपरातही काहीसं असंच आलंय.

तुळशी वळकटी खांद्यावर घेऊन निघाला आणि परत फिरला. म्हणाला, "तू अर्थ चुकलीस."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"ओवीत जेवणाचं काहीच नव्हतं."

"मग काय होतं?"

त्याने एकदा मागे, टॅक्सीकडे बघितलं. कान लाल झाले होते. "दसऱ्याला येऊन सांगतो," म्हणाला.

गुणवंती माझ्या बाजूला उभी होती. टॅक्सी वळल्यावर तिने माझ्या हातात आपला हात दिला, मासळीच्या वासासकट. 

२३ ऑगस्ट, सोमवार

आज अप्पांना सहजच विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, दसरा कधी आहे हो?"

अप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा वर केला. "सप्टेंबरात... नाही, थांब. यंदा आश्विन दोन आहेत. आधी धोंड्याचा महिना, मग खरा. म्हणजे दसरा सत्तावीस ऑक्टोबरला." मग म्हणाले, "का गं?"

"काही नाही."

मी श्रावण लांबवायला बघत होते, आता पंचांगानेच माझा आश्विन लांबवला. गुणवंतीला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "भोग आता!"

पण एक महिनाच ना जास्तीचा? तो जाईल. तोवर मी वहीत उतरवून घेतलेली ती ओवी रोज वाचणार आहे, म्हणजे तो अर्थ सांगायला येईल तेव्हा माझं काही चुकायला नको.